गुंड्याची शुगर

ठाणे,
रविवार

प्रिय शुभा,

तुमच्या गुंड्या बोक्याला मधुमेह निघाला म्हणून काल फोनवर तू इतकी घाबरली होतीस की मी सांगितलेल्यातलं निम्मंही तुझ्या लक्षात राहिलं नसणार. म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसले. आमच्या मधुमेही बोक्यासाठी, मन्यासाठी, आम्ही घरी जे केलं, डॉक्टरांकडून जे शिकलो आणि पुढे वाचून जे कळत गेलं ते यात आहे. गुंड्याच्या बाबतीत शब्द तुमच्या डॉक्टरांचाच शेवटचा, हे धरून वाच.

आधी हे ऐक, तुझ्या हातून काही राहून गेलं म्हणून गुंड्याला हे झालेलं नाही. नसबंदी झालेला, मध्यम वयाचा, घरातच राहणारा, वजन वाढलेला बोका. मांजरांमधला मधुमेह अशांनाच जास्त गाठतो. माणसांच्या टाइप टूशी त्याचं बरंच साम्य आहे. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि सतत चढलेल्या शुगरमुळे स्वादुपिंडही थकत जातं. ते वेळेवर सांभाळलं तर पुन्हा सावरू शकतं. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे पूर्ण बंद होतं. सगळ्यांचं होत नाही, पण उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त. मन्याचं बंद झालं. त्यामुळे ‘एक आठवडा थांबून बघू का?’ या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एकच, थांबू नकोस.

दवाखान्यात घाबरून शुगर वाढली असेल, ही तुझी शंका रास्त आहे. मांजराची शुगर नुसत्या भीतीने तीनशेच्या वर जाऊ शकते. पण तुमच्या डॉक्टरांनी फ्रुक्टोसामीनची तपासणीही केली आहे. तिच्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो, दवाखान्यातल्या दहा मिनिटांच्या भीतीने ती बदलत नाही. शिवाय लघवीत साखर आहे, पाण्याचं भांडं दिवसातून चारदा भरावं लागतंय, खातो भरपूर आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो, हे तूच सांगितलंस. निदान पक्कं धरून चाल.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. ‘उद्यापासून त्याचं कोरडं खाणं बंद, फक्त पाउचमधलं ओलं खाणं, आणि इंजेक्शनही सुरू’ असं तू म्हणालीस. दोन्ही बरोबर आहे, पण शुगर न मोजता दोन्ही एकदम करू नकोस. खाण्यातलं पिष्ट, म्हणजे कार्बोहायड्रेट, कमी झालं की इन्सुलिनची गरज उतरते, कधी कधी काही दिवसांतच. कोरड्या खाण्यावर ठरलेला डोस पाउचवर जास्त होऊ शकतो, आणि शुगर एकदम खाली गेली तर ती वर असण्यापेक्षा तातडीची अडचण. खाणं आणि डोस हा एकच निर्णय आहे असं समज. एकाला हात लावायचा तर दुसऱ्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं, आणि मध्ये घरचं मीटर हवंच. खाणं आठवडा-दहा दिवसांत हळूहळू बदल. एक काळजी मात्र घे. तो नव्या खाण्याला तोंड लावत नसेल तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवायचं नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं.

खाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो. मांजर पक्कं मांसाहारी. त्याचं शरीर प्रथिनांवर आणि चरबीवर चालतं, पिष्ट पचवायची यंत्रणा तोकडी. मधुमेही मांजराला एकूण उष्मांकांपैकी साधारण १२ टक्क्यांपेक्षा कमी पिष्टातून मिळावेत असं पशुवैद्य सांगतात. आपल्याकडच्या पुड्यांवर हा आकडा बहुतेक छापलेलाच नसतो, तो आपण काढायचा. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे क्षार) वजा कर, उरलं ते पिष्ट. समज कोरड्या खाण्याच्या पुडीवर प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, पाणी १०, राख ८ लिहिलंय. उरले ३४. आता उष्मांक: प्रथिनं आणि पिष्ट ग्रॅमला साडेतीन, चरबी साडेआठ. हिशेब केलास तर पिष्टाचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास येतो. उलट एखाद्या पाउचवर प्रथिनं १०, चरबी ४, तंतू १, पाणी ८२ असेल आणि राख दोन धरली, तर पिष्ट उरतं एक, आणि उष्मांकातला वाटा पाच टक्के. पुडी ‘डायबेटिक’ म्हणून विकली जाते की साधी, याने मी कधी ठरवलं नाही. पाठीमागचा आकडा बघितला. ग्रेव्हीच्या पाउचमध्ये बहुतेक वेळा पीठ, स्टार्च किंवा साखर घातलेली असते, त्यापेक्षा मांसाच्या घट्ट लगद्यासारखं येतं ते बरं.

घरचं शिजवून घालायचं तुझ्या मनात आहे. नुसतं उकडलेलं चिकन वरखाऊ म्हणून उत्तम, पण तेवढ्यावरच ठेवलंस तर कॅल्शियम मिळणार नाही आणि टॉरीन हे मांजराला लागणारं अमिनो आम्ल कमी पडेल. टॉरीन उकडताना पाण्यात उतरतं. टॉरीनच्या अभावी मांजराचं हृदय कमकुवत होतं हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. डोळ्यांवर परिणाम होतो हे त्याच्याही आधी माहीत होतं. म्हणून मुख्य जेवण पुडीवर ‘कम्प्लीट’ लिहिलेलं पाउच, आणि चिकन बक्षिसापुरतं. काकूंचा दूध-भात मात्र आजपासून बंद. त्यांना वाईट वाटेल. त्यांनीच त्याला बोळ्याने दूध पाजून वाढवलंय, मला माहीत आहे. त्यांना बक्षिसाचं चिकन भरवायचं काम दे. गुंड्याच्या उपचारात त्यांचा हात राहू दे.

आता मोजणं. माणसांचं साधं ग्लुकोमीटर चालतं. मांजराच्या रक्तावर ते थोडा कमी आकडा दाखवतं, पण एकच मीटर कायम वापरलंस तर चढ-उतार नीट कळतो. रक्त कानाच्या कडेतून घ्यायचं. त्याला मांडीवर किंवा नेहमीच्या गादीवर बसव. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस कानाला मिनिटभर लाव, कान गरम झाला की रक्त सहज येतं. कान कोरडा पुस. कडेवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरव, म्हणजे थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. कानामागे कापसाची घडी धर, नाहीतर सुई आरपार तुझ्या बोटात. कडेला धरून जाणारी शीर दिसते, तिच्या बाहेरच्या बाजूला टोच. पट्टीचं टोक थेंबाला लावलं की ती रक्त आपोआप ओढून घेते. मग तीस सेकंद दाबून धर आणि लगेच चिकन. मन्या पुढे पुढे मीटरची पेटी उघडल्याचा आवाज आला की स्वतःच येऊन बसायचा. गुंड्यासारखा खादाड तर त्याच्याही आधी शिकेल.

प्रत्येक इंजेक्शनच्या आधी मोजायचं. बारा तासांच्या अंतराने दोन वेळा, सकाळी सात आणि संध्याकाळी सात असं काहीतरी जन्मभर जमेल ते ठरव. सुरुवातीच्या दिवसांत आकडा दोनशेच्या खाली असेल तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय टोचू नकोस. जेवला नाही, उलटी केली, तरी आधी फोन. दोन-चार दिवस आकडे वर दिसले म्हणून आपल्या मनाने डोस वाढवायचा नाही. इन्सुलिनला बसायला आठवडाभर लागतो. अधूनमधून डॉक्टर एक अख्खा दिवस दर दोन तासांनी मोजायला सांगतील, त्यात शुगर सगळ्यात खाली कधी आणि किती जाते ते दिसतं. डोस त्या तळावरून ठरतो.

सिरिंजचं तर ताबडतोब बघ. ग्लार्जिन इन्सुलिन मिलीलिटरला १०० युनिटचं लिहून दिलंय आणि मेडिकलवाल्याने लाल टोपणाच्या सिरिंज दिल्या, असं तू ओघात बोलून गेलीस. मी तिथेच अडखळले. लाल टोपण म्हणजे ४० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज. तिच्यावरच्या एका रेघेपर्यंत १०० चं इन्सुलिन भरलंस तर एक युनिटच्या जागी अडीच युनिट जाईल. माणसाला एवढ्याने फारसं काही होत नसेल, पाच किलोच्या जिवाला ते फार मोठं आहे. १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. नुसत्या रंगावरही जाऊ नकोस, सिरिंजवर छापलेला आकडा आणि इन्सुलिनवरचा आकडा जुळवून बघ. तीस युनिटची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर तीच घे. आधीच्या सगळ्या आजच परत कर, घरात ठेवूही नकोस.

टोचणं तुला वाटतंय तेवढं भीतीदायक नाही. सुई केसासारखी बारीक असते, कानाला टोचल्यावर मांजर एखाद वेळी कान झटकेल, पण इंजेक्शन बहुतेकांना कळतही नाही. तो जेवत असताना कुशीवरची सैल कातडी दोन बोटांनी वर उचल, खाली खोबण तयार होते तिथे सुई घाल, दाब, काढ. मानेपेक्षा कुस बरी, आणि रोज थोडी जागा बदल. केस ओले लागले, म्हणजे थोडं बाहेर सांडलं असं वाटलं, तरी पुन्हा टोचायचं नाही. ‘मी दिलं की यांनी दिलं’ असा घोळ झाला तरीही नाही. एक डोस चुकला तर शुगर थोडी वाढेल, दुप्पट गेला तर जीव जाऊ शकतो. आम्ही कॅलेंडरवर वेळ, आकडा, डोस आणि देणाऱ्याची सही करत होतो.

ग्लार्जिन हलवून फेसाळायचं नाही. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवायचं, दारात नको आणि बर्फाजवळ तर मुळीच नको, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

शुगर खाली गेल्याची लक्षणं सासरच्या सगळ्यांना सांगून ठेव. झोकांड्या जाणं, नजर शून्यात, एकदम खा-खा सुटणं किंवा नुसतं पडून राहणं, पुढे झटके. मोजायला वेळ मिळाला आणि आकडा ६०-७० च्या खाली दिसला तर लगेच खायला घाल. अशा वेळी पिष्टाचं, जुनं कोरडं खाणं चालेल, म्हणून एक डबा राखून ठेव. खात नसेल तर हिरड्यांना मध चोळ आणि गाडी काढ. झटका आला असताना तोंडात काही ओतू नकोस, श्वासनलिकेत जाईल. उलट्या, जेवण बंद, मलूलपणा आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, ही दुसऱ्या टोकाची, शुगर फार चढल्याची लक्षणं. त्यात सकाळची वाट बघायची नाही.

तुझ्या भाच्याने अमेरिकेहून पाठवलेली गोळीची बातमी खरी आहे. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन नावाच्या गोळीला मांजरांसाठी मान्यता मिळाली. ती शुगर लघवीवाटे बाहेर टाकते. पण इन्सुलिनवर असलेल्या किंवा आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला ती द्यायची नसते, आणि शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. माणसांची त्या जातीची गोळी मेडिकलमधून आणून अर्धी करून द्यायचा विचारही मनात आणू नकोस.

त्याच्या मागच्या पायांबद्दल तू विचारलंस. टाचा टेकवून बसल्यासारखा चालतो ना? मन्याचंही तसंच झालं होतं, ओट्यावर उडी मारायला जायचा आणि मध्येच घसरायचा. शुगरमुळे नसा दुखावतात. शुगर ताळ्यावर आली की बहुतेकांमध्ये हे सुधारतं, पण सावकाश, महिने लागतात. तोवर खिडकीपाशी एक पाट-स्टूल मांडून ठेव. आणि डॉक्टरांना त्याचे दात बघायला सांग, हिरड्या सुजलेल्या असतील किंवा लघवीत जंतू असतील तर इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

गणपतीत गावी जायचं की नाही यावर आत्ताच भांडू नका. तोवर दिनूदादाचा हात बसेल. तुम्ही दोघंही इंजेक्शन द्यायला शिका, एकट्यावर पडलं की माणूस खचतं.

येत्या शनिवारी मी सकाळच्या गाडीने नाशिकला येते. माझं मीटर आणि पट्ट्यांची एक डबी आणते, पट्ट्या महाग पडतात. पहिल्या दोन वेळा मी कान धरीन, टोचायचं तू. तोपर्यंत घरातल्या सगळ्या पुड्यांच्या पाठीचे आणि नव्या सिरिंजचा स्पष्ट फोटो मला पाठव.

तुझी,
मेधा

ता. क. काकूंना सांग, चिकन उकडताना मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, मांजराच्या रक्तपेशी त्याने फुटतात. कालवणातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही.