मोटारहोममधल्या हत्यारांच्या कप्प्याबाबत तक्रार

भांडुप (पूर्व), मुंबई
दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
मोटारहोम बांधणी विभाग

विषय : ट्रॅव्हलर गाडीतील हत्यारांचा कप्पा ठरलेल्या जागी व ठरलेल्या मालात न बसवल्याबद्दल, दुरुस्ती अथवा परतावा मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून ३४ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालो. फिटर म्हणून लागलो आणि शेवटची काही वर्षे हत्यारखान्याचा हिशेब माझ्याकडे होता. हे सांगतो ते मोठेपणासाठी नव्हे. १ सप्टेंबरला फोनवर तुमचे सुपरवायझर मला म्हणाले, "काका, टूल्स काय रोज लागतात का?" गणपतीचे दिवस, घरात पाहुणे, तेव्हा फोन ठेवून दिला. उत्तर या पत्रात देतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी तुमच्याकडे माझी जुनी ट्रॅव्हलर मोटारहोम करण्यासाठी दिली. पलंग, ओटा, फ्रिज, टॉयलेट ही कामे तुमच्या नेहमीच्या पद्धतीने करा म्हटले आणि ती तुम्ही बरी केली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. ओट्याचे काम तर आमच्या सौ.ना फार आवडले. माझी एकच वेगळी मागणी होती, हत्यारांच्या कप्प्याची. त्यासाठी मी स्वतः हाताने नकाशा काढून दिला होता, त्यावर तुमच्या डिझायनरची सही आहे आणि कप्प्याचे ३८,५०० रुपये बिलात वेगळे लावलेले आहेत.

नकाशात कप्पा गाडीच्या डाव्या अंगाला आहे, दाराच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, बाहेरून उघडणारा. डावीकडेच का, हे मी तेव्हाही सांगितले होते. आपल्याकडे गाडी बंद पडली की ती रस्त्याच्या डाव्या कडेला घेतात. मग माणसाने रहदारीकडे पाठ करून हत्यार काढायचे की गाडीच्या आडोशाला उभे राहून? बाहेरून उघडणारा अशासाठी की ओले, ग्रीसचे हात घेऊन घरात जायला नको. आणि दोन चाकांच्या मधे, खाली, कारण लोखंड जड असते.

१२ मे रोजी गाडी ताब्यात घेतली तेव्हा कप्पा निघाला मागच्या पलंगाखाली, उजव्या कोपऱ्यात. मी विचारले तर कळले की सांडपाण्याची टाकी नकाशात उजवीकडे होती, ती तुमच्या लोकांनी डावीकडे घेतली, कारण तिकडून पाईप दोनेक फुटांनी कमी लागत होता. टाकी माझ्या कप्प्याच्या जागेवर बसली आणि कप्पा उरलेल्या जागेत गेला. मला एक फोनही केला नाही. "सर, आतून जास्त सेफ आहे, चोरी होणार नाही," असे त्या दिवशी सांगण्यात आले. मी डिलिव्हरीच्या कागदावर "कप्पा नकाशाप्रमाणे नाही" असा शेरा मारून सही केली आहे. गाडी तशीच सोडून यायला हवी होती, पण नातवंडे सोबत होती आणि ती आधीच पलंगावर चढून बसली होती.

आता काय घडले ते.

२३ ऑगस्टच्या रात्री आम्ही गणपतीसाठी गावी निघालो. मुंबई-गोवा महामार्गावर कोलाड सोडल्यावर, इंदापूरच्या अलीकडे, मागचे डावे चाक खड्ड्यात आपटले आणि टायर बसला. वेळ रात्री पावणेदोनची, पाऊस धो धो. सणाची गर्दी म्हणजे एसटी आणि खासगी बसची रांग, प्रत्येकाला घाई. जॅक आणि व्हील पाना तुमच्या कप्प्याच्या तळाशी, झाकण गादीखाली. म्हणजे आधी गादीवर ठेवलेले मखराचे सामान उचलायचे, मग गादी, मग प्लाय, मग वर ठेवलेला हवा भरायचा पंप, आणि त्याखाली जॅक. सौ. छत्री धरून दारात, मी ओल्या पायांनी पलंगावर गुडघे टेकून. जॅक हातात यायला २५ मिनिटे लागली. चाक बदलायला त्याहून कमी लागली. गादी अजून वाळलेली नाही, तिला कुबट वास येतो.

दुसऱ्या दिवशी परशुराम घाट उतरताना मागे मोठा आवाज झाला. पलंगाखालच्या या कप्प्यातल्या दोन ड्रॉवरपैकी वरचा सुटून समोरच्या फ्रिजच्या दारावर आपटला होता. दाराला पोचा आला. ड्रॉवरमध्ये १४ किलो माल होता. तुम्ही ड्रॉवरची तोंडे गाडीच्या पुढच्या दिशेला केली आहेत, म्हणजे ब्रेक मारला की ड्रॉवर आपोआप बाहेर यायला निघणार. त्याला अडवायला काय, तर कपाटाला लावतात ते दोन मॅग्नेट कॅच. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनलवर ४५ किलोचा शिक्का आहे हे मीही वाचले. तो आकडा घरात स्थिर उभ्या असलेल्या ड्रॉवरचा असतो. आपल्या रस्त्यांवर तोच माल उसळी घेतो, आणि उसळलेल्या मालाचा दणका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. मी उघड्या आणि बंद अशा दोन्ही स्थितीत अडकणारे लॉकचे चॅनल सांगितले होते, कोटेशनमध्ये तसे लिहिले आहे. तुम्ही बसवलीत ती किचन ट्रॉली. नातवंडे त्या दिवशी मागे बसली नव्हती म्हणून हे पत्र एवढ्या शांतपणे लिहितो आहे.

गावी पोचल्यावर मी सगळा कप्पा अंगणात रिकामा केला, तेव्हा सर्वांत वाईट गोष्ट दिसली. कप्प्याला लागून तुम्ही गाडीतल्या घराच्या वीजपुरवठ्याची १५० अॅम्पिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी ठेवली आहे. मधली भिंत अर्ध्या उंचीची. टर्मिनलवर टोप्या नाहीत. माझा १७ नंबरचा रिंग पाना भिंतीवरून उडी मारून बॅटरीच्या डोक्यावर आडवा पडला होता, एका टर्मिनलपासून दोन बोटांवर. तो दोन्हींना टेकला असता तर पाना लाल होऊन चिकटला असता आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन तिथेच होता. मी हे सांगितल्यावर तुमच्या तंत्रज्ञांनी "लाईनमध्ये फ्यूज आहे ना" असे उत्तर दिले. फ्यूज लाईनमध्ये आहे. पाना फ्यूजच्या अलीकडे, थेट बॅटरीवर पडला होता. तिथे फ्यूज काय करणार? हे ज्याला सांगावे लागते त्याने बॅटरीचा कप्पा बांधू नये, एवढेच म्हणतो.

गंजाचे वेगळे. मे ते ऑगस्ट, साडेतीन महिन्यांत माझे सॉकेट, पक्कड, फीलर गेज सगळ्यांवर तांबूस थर चढला. यातले काही पाने मी १९९०च्या सुमारास नागदेवी स्ट्रीटवरून घेतलेले आहेत. भांडुपच्या खाडीच्या हवेत घरी लोखंडी ट्रंकेत ती तीस-पस्तीस पावसाळे काढून चकचकीत राहिली. तुमच्याकडे एका पावसाळ्यात गेली. कारणे मला दिसतात ती अशी : ड्रॉवरच्या तळाला तुम्ही हिरवे फेल्ट चिकटवले आहे. दिसायला दागिन्यांच्या पेटीसारखे छान, पण फेल्ट पाणी धरून ठेवते आणि हत्यार चोवीस तास त्या ओल्या कापडावर निजते. सांधे भरायला वापरलेले सिलिकॉन आंबट वासाचे, म्हणजे सुकताना अॅसेटिक अॅसिड सोडणारे. कप्पा उघडला की महिनाभर लोणच्याच्या बरणीसारखा वास यायचा. ओटा-बेसिनला ते चालते, लोखंडाच्या बंद पेटीत नाही. वासाशिवायचे, न्यूट्रल सिलिकॉन बाजारात मिळते. शेजारच्या बॅटरीची आम्लाची वाफ तिसरी. यातल्या कुणी किती गंज चढवला याचा हिशेब मी मांडत बसत नाही, तिघेही तुमचेच.

कोटेशनमध्ये १८ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचे भारतीय मानक), असे लिहिले आहे. बाजूच्या फळ्या तशा असतीलही, शिक्का आतल्या बाजूला असल्याने दिसत नाही. ड्रॉवरचा तळ मात्र लॅमिनेट लावलेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी आहे. एका कोपऱ्यात तो पाणी पिऊन फुगला आहे, नखाने टोकरला तर भुसा निघतो. फोटो सोबत आहे.

तुमच्या ५ सप्टेंबरच्या ईमेलमध्ये म्हटले आहे की "ग्राहकाने क्षमतेपेक्षा जास्त व अव्यवस्थित सामान ठेवल्याने" हे झाले. अव्यवस्थित हा शब्द मला लागला. म्हणून मी काय आणि कसे ठेवतो ते लिहितो.

मी वर्कशॉप गाडीत आणलेले नाही. सौ.ची ती अटच होती. प्रत्येक नटबोल्टवर पाना लावून बघितला आणि गाडीला लागतात तेवढ्याच नंबरांचे पाने घेतले. प्लॅस्टिकची खोकी घेतली नाहीत, कारण त्यांत निम्मी जागा हवेला जाते आणि दहा वेळा उघडली की बिजागरी तुटते. लालबागच्या एका बॅगवाल्याकडून कॅनव्हासच्या गुंडाळ्या शिवून घेतल्या, प्रत्येक पान्याला वेगळा खिसा. गुंडाळी वाजत नाही, ओली झाली तर दोरीवर वाळत घालता येते, आणि रस्त्यावर पसरली की कोणता खिसा रिकामा आहे ते टॉर्चच्या उजेडातही दिसते. जॅक, व्हील पाना, चाकाखाली लावायचे ठोकळे, हातमोजे, टॉर्च आणि परावर्तक त्रिकोण हे एकत्र, दाराशी, त्यांच्यावर दुसरे काही नाही. पाने, पक्कड, पेचकस दुसऱ्या थरात. टेफ्लॉन टेप, फ्यूज, लग, एम-सील, नळाचे वायसर हे घरकामाचे सामान सगळ्यांत मागे, ते उन्हात निवांत शोधले तरी चालते. नकाशातले तीन भाग याच क्रमाने होते. तुमच्या माहितीपत्रकातल्या फोटोत सहा नवे कोरे पाने रंगाप्रमाणे मांडलेले आहेत आणि जॅक कुठेच नाही.

राहिला "क्षमतेपेक्षा जास्त"चा मुद्दा. आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर मी सगळे वजन केले. माल ४१ किलो, तुमचा कप्पा धरून ६२. कोटेशनमध्ये कप्प्याची मालाची क्षमता ६० किलो लिहिली आहे. आणि वजनाचा विषय काढलाच आहे तर हेही पाहा : कप्प्याचा मध्य मागच्या एक्सलच्या १.१ मीटर मागे येतो, आणि गाडीच्या दोन एक्सलमधले अंतर ३.३५ मीटर आहे. ६२ गुणिले १.१, भागिले ३.३५. पुढच्या चाकांवरून २० किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ६२ ऐवजी ८२ किलो बसतात. वीस किलोने गाडी उलटत नाही, मान्य. पण याच मागच्या भागात पाण्याची टाकी आणि बॅटरीही तुम्हीच ठेवली आहे. फुटला तो टायरही मागचाच होता. खड्डा तुमचा नव्हता, हेही मान्य.

माझी मागणी :

कप्पा मूळ नकाशाप्रमाणे डावीकडे, दोन चाकांच्या मधे, बाहेरून उघडणारा करून द्यावा. टाकी उजवीकडे हलवण्याचा खर्च तुमचा. दाराला रबरी सील, वर पन्हाळ, तळाला पाणी निघायला भोके, आणि दाबून घट्ट बसणारे कुलूप. आत फेल्ट नको. पाणी न शोषणारा ईव्हीए फोम किंवा नुसता रबर मॅट चालेल. चॅनल लॉकचे. बॅटरी वेगळ्या, पूर्ण बंद आणि बाहेर हवा काढणाऱ्या पेटीत, टर्मिनलवर टोप्या. यातल्या बॅटरीच्या कामासाठी मी थांबणार नाही, ते आठवड्याच्या आत माणूस पाठवून भांडुपला करून द्यावे. सध्या मी टर्मिनलवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून ठेवले आहेत.

खराब झालेल्या हत्यारांचे ९,२४० रुपये आणि फ्रिजच्या दाराच्या दुरुस्तीचे ३,८०० रुपये भरून द्यावेत. जुन्या पान्यांची किंमत मी लावलेली नाही, ते घासून, तेल लावून पुन्हा वापरात घेतो आहे. काम जमणार नसेल तर कप्प्याचे ३८,५०० रुपये परत करावेत, मी ते दुसरीकडून करून घेईन.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे जाईन. नव्या कायद्यात ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे मला तुमच्या कारखान्याच्या गावी खेपा घालाव्या लागणार नाहीत. मला तिथवर जायची हौस नाही. दिवाळीत सौ.ना औदुंबर आणि नरसोबाच्या वाडीला न्यायचे आहे, गाडी त्याआधी हवी.

सोबत : सही केलेल्या नकाशाची प्रत, कोटेशन व बिल, शेरा असलेला डिलिव्हरीचा कागद, १४ फोटो, भंगारवाल्याच्या काट्याची चिठ्ठी.

आपला,
एक ग्राहक

ता.क. : गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी कप्प्याच्या मागच्या फटीत तुमच्या एखाद्या कामगाराचा १० नंबरचा पाना राहिलेला सापडला. आमच्या हत्यारखान्यात पाना घेताना पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून जावे लागायचे, त्यामुळे संध्याकाळी कुणाचा पाना आला नाही ते लगेच कळे. तुमच्याकडे तशी पद्धत नसावी, नाहीतर चार महिन्यांत कुणीतरी विचारले असते. पाना घासून, तेल लावून ठेवला आहे. गाडी आणीन तेव्हा ज्याचा असेल त्याच्या हातात देईन.