डॉक्टर साहेब, तुम्ही त्या दिवशी मला थांबवलं म्हणून

डॉक्टर साहेब, नमस्कार.

परवा ती पांढरी गवळाऊ जातीची गाय व्याली, कालवड झाली, तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळत आहे म्हणून आज लिहायला बसलेच.

आर्वीकडच्या त्या काकाजींनी "माजावर आहे, भरून दे पोरी" म्हणून गाय आणली होती अन् मी कृत्रिम रेतनासाठी स्ट्रॉ, म्हणजे गोठवलेल्या बीजाची नळी, काढायला निघालेच होते. तुम्ही म्हणाले, आधी हात घाल, मग कंटेनर उघड. हात घातला तर सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, नाही, गर्भाशयाचं तोंड घट्ट बंद, अन् आत एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, पाणी भरलेल्या फुग्यासारखी. तुम्ही फक्त "काय लागते हाताले?" विचारलं अन् मी स्वतःहून "गाभण आहे जी, तीनेक महिन्यांची" म्हणेपर्यंत एक शब्द बोलले नाही. रानात कळपातच फळली होती ती. गाभण गायही कधी कधी माज दाखवते हे मी वाचलेलं होतं, पण त्या दिवशी माझी बीज सोडायची गन आत गेली असती तर गाभ पडला असता, हे आठवलं की अजून पोटात कालवते.

बाकी पण सगळं तुमच्याकडूनच. उणे १९६ अंशाच्या नायट्रोजनमधून स्ट्रॉ काढायचा, ३७ अंशाच्या कोमट पाण्यात ३० सेकंद धरायचा, अन् कापायच्या आधी कोरडा पुसायचा कारण पाण्याचा थेंब आत गेला तर बीज मरते, हे तुम्ही माझ्याकडून इतक्यांदा करून घेतलं की आता हात आपोआप पुसतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. भरल्यावर २१ दिवसांनी परत बघायची, गाय उलटली म्हणजे परत माजावर आली तर मालकावर चिडायचं नाही.

सुरुवातीला लोकं पोरीच्या हाती गाय द्यायला मागंपुढं पाहात. तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचे, "हिचा हात बारीक आहे, गायीले त्रास कमी होते." त्या एका वाक्यानं मला गावागावात दावणीपर्यंत जाता आलं साहेब, मनापासून आभार.

काकाजी कालवड मोठी झाली की तिला गवळाऊचंच बीज भरायचं म्हणतात, इथलं ऊन सोसणारी जात आहे अन् गोऱ्हा झाला तर शेतात कामी येतो. काल चिकाचा डबा घेऊन आले अन् म्हणाले, "बदली झाली तरी डॉक्टर साहेबाले सांगजो." म्हणून सांगते आहे, दोघीही चांगल्या आहेत, कालवड उठून प्यायली.