षष्ठीच्या भरिताला पोहोचते

सातारा
6 डिसेंबर 2020

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल दापोलीकडे फोटो काढायला जायचा बेत फोनवर सांगितला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून होते. बाबा, तुम्ही एवढंच म्हणालात, "लोकांची उडालेली कौलं बघायला कशाला जायचं? बरं, ठेवतो." तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं तर माझा आवाज चढला असता. म्हणून हा कागद.

आधी आईचं, कारण ते सोपं आहे.

आई, आम्ही सहाजण आहोत. शुक्रवारी, 18 तारखेला सकाळी निघायचं. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, पुढे कशेडी घाट, खेडच्या भरणे नाक्याला वळून दापोली. उजेडात दोन्ही घाट होतात. मुक्काम मुरूडला, एका घरगुती खाणावळीत. जंजिऱ्याचं मुरूड नव्हे, दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. तूच सांगायचीस ना, कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत आले होते, भर पावसात, शंभरावर मैल, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना बसूच दिलं नाही? आम्ही त्यांच्या उलट्या दिशेने जातोय आणि गाडीने जातोय, त्यामुळे कौतुक कुणी करणार नाही.

शनिवारी सकाळी मुरूडहून हर्णैपर्यंत चालायचं, जिथे वाळू आहे तिथे वाळूतून आणि बाकीचं रस्त्याने. हर्णै बंदराच्या शेजारी कनकदुर्ग आहे. किल्ला म्हणजे आता बुरूज आणि पडकी भिंत एवढंच, पण तीन बाजूंनी समुद्र आणि वर दीपगृह. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. पश्चिमेचा किनारा असल्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून सुवर्णदुर्गाच्या तटावर पडतं आणि दगडाचे सांधेसुद्धा दिसतात. संध्याकाळी तोच किल्ला नुसता काळा होतो. सगळे मावळतीचे फोटो काढतात, मला सकाळचे हवेत.

भरतीची काळजी तू करणार हे माहीत होतं. खाणावळीच्या काकूंना फोनवर विचारलं तर त्यांनी वेळापत्रक वगैरे काही पाहिलं नाही. म्हणाल्या, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. त्या दिवशी पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती आणि सकाळी साडेनऊला सुकती. ओहोटीला त्या सुकती म्हणतात. बाबांनी माझ्याकडून पाऊणकी घोकून घेतली होती तेव्हा मी रडले होते, ती अशी उपयोगी पडली. आम्ही साडेसातला निघू आणि पाणी चढायच्या आत गडावर असू. ओल्या काळ्या कातळावर कुणी उतरायचं नाही, पावसाने सुटलेल्या भिंतीच्या कडेला उभं राहून फोटो काढायचा नाही, असं ठरलंय. आमच्यातले चित्रकलेचे सर साठीचे आहेत, ते तुझ्याइतकेच ओरडतात. मास्क आहेत. सॅनिटायझरची बाटली तू दिलेलीच अजून संपलेली नाही.

दीपगृहाच्या आत चढायला मिळालं नाही तरी माझं काही अडत नाही. मला त्याचा रात्रीचा फोटो हवाय. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, किती सेकंद अंधार आणि मग किती झोत, त्यावरून तांडेलाला कळतं की आपण कुठल्या गावासमोर आहोत. त्यामुळे शटर किती वेळ उघडं ठेवायचं हे आधी नुसतं उभं राहून मोजावं लागतं. शनिवारची संध्याकाळ त्यातच जाईल.

बाबा, आता तुमचं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा तुम्ही दोघं माडीवर तीन दिवस होतात. मी इकडे फोन लावत बसले होते. होडी आली तेव्हा तुम्ही आईला आधी उतरवलं आणि स्वतः खिडकीतून पाय बाहेर टाकत होतात, तेवढ्यात होडीतला एकजण मोबाइल धरून म्हणाला, "काका, जरा इकडं बघा." हे तुम्ही मला सांगितलंच नाही. आईने मिरजेला मावशीकडे गेल्यावर सांगितलं. तुम्ही काल जे बोललात ते त्या होडीतून बोललात, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. उशिराच कळलं, खरंय.

मी "इकडं बघा" म्हणायला जात नाही.

निसर्ग वादळ 3 जूनला आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्याचे काय हाल झाले ते तुम्ही वाचलंच आहे. नारळ-पोफळीच्या बागा झोपल्या, कितीतरी गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पोफळ पुन्हा लावली तरी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. मी आधी चार दिवसांचा बेत केला होता, त्यात पडलेल्या बागांचे फोटो होते, खोटं कशाला बोलू. मग राहायची सोय विचारायला त्या काकूंना फोन केला. दर ठरला, माशांचं ठरलं (आमच्यातले दोघे खात नाहीत, त्यांना डाळ-भात आणि सोलकढी), आणि मी सांगितलं की आम्ही फोटो काढायला येतोय. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "आमचा एक फोटो आहे, तो नीट होईल का?" कौलं उडाली त्या दिवशी ट्रंकेत पाणी गेलं. लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून वडी झाली आहे. एक ओढून बघितला तर सासूबाईंचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला लागून आला, तेव्हापासून त्यांनी हात लावलेला नाही. शेजारच्या दोन घरांतही तेच आहे.

तेव्हा मला आपली मोरी आठवली. पाणी ओसरल्यावर तुम्ही सगळं सोडून आधी फोटोंचे अल्बम घेऊन तिथे बसला होतात. भांडी तशीच, गाद्या तशाच, घरभर चिखल, आई चिडलेली. आणि तुम्ही पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये स्वच्छ पाणी घेऊन एकेक गठ्ठा बुडवत होतात, नखसुद्धा न लावता, फोटो आपणहून सुटायची वाट बघत. माझ्या बारशाचा फोटो सुटायला दुपार गेली. मग माडीच्या दांडीवर आईच्या साड्यांचे चिमटे लावून ओळीने वाळत घातले होतेत. आईचा लग्नातला फोटो अर्धाच वाचला, शालू आहे, चेहरा नाही. तो तुम्ही तरीही ठेवलात.

म्हणून बेत बदललाय. शुक्रवारी संध्याकाळी चालणं-फिरणं काही नाही. काकूंच्या पडवीत बसून त्या तिन्ही घरांचे फोटो सोडवायचे, वाळवायचे, आणि ट्रायपॉडला कॅमेरा उलटा टांगून प्रत्येकाची नक्कल घ्यायची. साताऱ्याला आल्यावर छापून पोस्टाने पाठवायचे. पडक्या घराचा फोटो घरातलं माणूस म्हणालं तरच.

पण माझ्याकडे तुमचा हात नाही. म्हणून विचारते, सविस्तर लिहा:

पाणी साधं होतं की कोमट? त्यात काही घातलं होतंत का? तुमचे फोटो चिखलाचे आणि ओलेच होते, हे तर सहा महिने वाळून कडक झालेत, मग जास्त वेळ भिजवायचे का? कृष्णधवल आणि रंगीत वेगवेगळे भिजवायचे ना? रंगीतचा रंगच पाण्यात उतरताना मी पाहिलाय. आणि एखादा सुटतच नसेल तर कुठे थांबायचं?

तो ट्रे माळ्यावर आहे, पितळी घंगाळ्याच्या मागे. सांगली-स्वारगेट गाडीच्या कंडक्टरकडे दिलात तर मी इथे स्टँडवर घेईन. तुम्हीच घेऊन आलात तर गाडीत एक जागा आहे, पण ते तुमच्या गुडघ्यांवर सोडते.

आई, रविवारी 20 ला चंपाषष्ठी आहे हे लक्षात आहे, म्हणूनच परतीचा रस्ता वेगळा धरलाय. पहाटे मुरूडहून निघून चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाडवरून थेट सांगली. बाकीचे पाचजण मला कऱ्हाडला उतरवून साताऱ्याला जातील, पुढे एसटी. नैवेद्य दाखवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस. भरीत आणि दोन भाकऱ्या मात्र झाकून ठेव. कांद्याची पात जास्त घाल.

तुमची,
मनू