सहा जण, एक खाना

सोलापूर,
रविवार रात्र

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

काय करालास बे? फोनच केला असता, पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी "एक मिनिट हां, दुसरा कॉल येतोय" म्हणतोस. मीही तेच करतो. म्हणून पत्र.

शुक्रवारी रात्री आलो आणि दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. माळ्यावरच्या खोलीत, नानांच्या जुन्या चादरीवर लोळत जोसेफ हेलरची 'समथिंग हॅपन्ड' संपवली. कॉलेजात तू 'कॅच-२२' दिली होतीस बघ (अजून माझ्याकडेच आहे, परत मागू नकोस), त्याच माणसाची ही दुसरी कादंबरी. ती १९६१ची, ही १९७४ची. तेरा वर्षं लावली गड्यानं. तिच्यात युद्ध होतं, हिच्यात नुसतं ऑफिस. मला हिचीच जास्त भीती वाटली.

बॉब स्लोकम नावाचा मधल्या फळीतला साहेब स्वतःबद्दल बोलत सुटतो. पगार बरा, घर बरं, बायको-पोरं आहेत, बाहेरची लफडीही आहेत. तो सुरुवातीलाच एक हिशेब मांडतो. ऑफिसात त्याला ५ जणांची भीती वाटते. त्या ५ जणांना प्रत्येकी ४ जणांची, म्हणजे २०. त्या २० जणांना प्रत्येकी ६ जणांची, म्हणजे १२०. ते १२० एकमेकांनाच घाबरतात, आणि हे सगळे १४५ मिळून वर बसलेल्या १२ जणांना.

मी एकटाच खो-खो हसलो. मग पेन घेऊन माझी यादी केली. सात निघाले. त्यातली एक तर एचआरमधली सव्वीस वर्षांची पोरगी आहे, मला 'सर' म्हणते.

खाली आलो. नाना शेंगा फोडत बसले होते. विचारलं, गिरणीत तुम्हाला कुणाची भीती वाटायची? म्हणाले, "दोघांची. जॉबरची आन् भोंग्याची." जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. आणि भोंगा होऊन गेला, गेट लागलं, की त्या दिवसाचा खाडा. मी म्हटलं, आणि गिरणी बंद पडंल याची? टरफलं गोळा करता करता म्हणाले, "ती कधी वाटलीच न्हाई. वाटायला पायजे होती."

पुस्तकात आणखी एक गंमत आहे. एवढी जाडजूड कादंबरी, पण स्लोकमची कंपनी बनवते काय, ते शेवटपर्यंत कळत नाही. तीन मिनिटांचं भाषण करायला मिळावं म्हणून हा माणूस झुरतो, साहेब तेवढंही करू देत नाही. ज्या लंगड्या सहकाऱ्याची, कॅगलची, जागा याला मिळणार असते, त्याच्या त्या पायावर लाथ घालावीशी वाटते याला. घरात बायको, मुलगी, मोठा मुलगा, कुणालाच नाव नाही. नाव आहे फक्त धाकट्या, गतिमंद डेरेकला, आणि त्याच्याकडे बघवत नाही कुणाला. पुस्तक रटाळ आहे हेही सांगतो. तेच तेच दळण, कंसात कंस. बायकांबद्दल तो जे बोलतो ते वाचताना दोनदा पुस्तक मिटलं.

शेवट सांगून टाकतो, तू काय वाचणार नाहीस. मोठ्या मुलावर त्याचा जीव. त्या मुलाला अपघात होतो, रक्त वाहतंय, हा धावत जाऊन त्याला छातीशी कवटाळतो. जखमा वरवरच्याच असतात. पोरगं गुदमरून जातं, बापाच्या मिठीत. कुणाला कळत नाही. आणि त्यानंतर हा माणूस कॅगलच्या खुर्चीत बसून झकास काम करायला लागतो.

इथं माझं हसू गेलं बंडू.

मार्चात, वर्षाच्या कामाचं मूल्यमापन करताना, माझ्या हाताखालच्या सहा जणांपैकी एकाला सगळ्यात खालच्या खान्यात टाकायचं होतं. कुणाचं काम वाईट होतं म्हणून नव्हे, तो खाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून. मी अक्कलकोटच्या पोराला टाकलं. का, तर तो भांडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याची नोकरी गेली त्या दिवशीचा व्हिडिओ कॉल अकरा मिनिटांचा. एचआरवाली वाचून दाखवत होती, मी मान हलवत होतो. शेवटी तो म्हणाला, "सर, तुमचं जेवण झालं का?" दुपारचे तीन वाजलेले. मी म्हटलं, हो झालं. झालं नव्हतं. कॅमेरा बंद केला, डबा उघडला आणि जेवलो. शेंगाचटणी होती, त्यानंच गावाकडून आणलेली. डबा चाटूनपुसून संपवला.

मे महिन्यात मला बढती मिळाली. पत्रात लिहिलंय, 'कठीण निर्णय घेण्याची क्षमता'. आणि खरं सांगू, तेव्हापासून मी काम चांगलं करतो. झोपही लागते.

नानांनी ते पत्र मागून घेतलं, चष्मा लावून दोनदा पाहिलं. मग विचारलं, "पण तुमच्यात निघतंय काय रे? आमच्यात चादर निघायची." मी प्रोसेस, क्लायंट असलं काहीतरी बोललो. त्यांनी मान डोलावली आणि मी बसलो होतो त्या चादरीची कड अंगठ्यानं चाचपली, सवयीनं. मग शर्ट चढवून गल्लीत पेढे वाटायला गेले. आज पंचवीस घरं झाली. उद्या पहाटे मी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघालो की राहिलेली घरं करणार म्हणालेत.

तुझी यादी पाठव. किती निघाले ते लिही, नावं नकोत. गड्ड्याच्या जत्रेला येणार असशील तर आधी कळव, रजा टाकतो.

तुझा,
पम्या