गॅसविना अदलाबदल: सहीबद्दलही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गॅस फी (व्यवहार नोंदवण्याचे शुल्क) न भरता एका क्रिप्टोची दुसरीशी अदलाबदल करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर लेख आला होता. माहिती चांगली होती, पण वॉलेटमधून केलेल्या ज्या डिजिटल सहीवर हा सगळा कारभार चालतो तिच्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी दापोलीत आयकर विवरणपत्रे भरून देते. माझ्याकडे येणारे बरेच जण हर्णै, अंजर्ले, आडे, केळशी या पट्ट्यातले, बोटीवर नोकरीला असलेले. पगार डॉलरमध्ये. त्यातला थोडाफार भाग हल्ली यूएसडीटी नाहीतर यूएसडीसी (डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो नाणी) होऊन मोबाइलच्या वॉलेटमध्ये पडलेला असतो.

या मुलांची अडचण खरी आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे साखळीवर, काहीही हलवायचे तर शुल्क तिच्या स्वतःच्या नाण्यात, ईथरमध्येच भरावे लागते. वॉलेटमध्ये ३०० यूएसडीसी आहेत आणि ईथर शून्य, तर ते ३०० जागचे हलत नाहीत. गॅस रकमेवर नाही, साखळीला पडणाऱ्या कामावर ठरतो. त्यामुळे छोट्या रकमेला तो जास्त बोचतो. व्यवहार मध्येच फसला तरी भरलेला गॅस परत मिळत नाही. काऊ स्वॅप, वनइंच फ्यूजन, युनिस्वॅपएक्स या सेवांनी नेमके हे दुखणे ओळखले. आपण फक्त एका संदेशावर सही करायची: माझे एवढे घ्या, मला कमीत कमी तेवढे द्या, अमुक वेळेच्या आत. व्यवहार साखळीवर चढवणारा दुसराच कोणी असतो. गॅस तो भरतो आणि आपल्याला मिळणाऱ्या रकमेतून वळता करून घेतो. सौदा जमला नाही तर आपले काही जात नाही. फ्यूजन आणि युनिस्वॅपएक्समध्ये हे लिलावाने होते. हर्णैच्या बंदरावर मासळीची बोली चढत जाते. इथे भाव आपल्या फायद्याच्या टोकाला सुरू होऊन उतरत येतो आणि ज्याला आधी परवडतो तो सौदा उचलतो. रचना हुशारीची आहे, तिचे कौतुक व्हायलाच हवे.

पण लेखात म्हटल्याप्रमाणे ‘ईथर ठेवण्याची गरजच उरली नाही’ हे बरोबर नाही. सेवेला आपली नाणी उचलू देण्याची परवानगी आधी द्यावी लागते, आणि इथेरियमवरच्या यूएसडीटीला ती नुसत्या सहीने देण्याची सोयच नाही. पहिली परवानगी साखळीवरच द्यावी लागते आणि तिला गॅस लागतो. आमच्याकडच्या मुलांच्या वॉलेटमध्ये जास्त करून यूएसडीटीच असते, म्हणजे ती पहिल्याच पायरीवर अडकतात.

यूएसडीसीला सहीची सोय आहे, आणि खरा धोका तिथे आहे. अंजर्ल्याच्या एका मुलाचे सांगते. सुट्टीवर घरी होता. टेलिग्रामच्या एका ग्रुपवर अदलाबदलीच्या साइटची लिंक आली. पान हुबेहूब, पत्त्यात एका अक्षराचा फरक. त्याने सही केली. गॅस कापला गेला नाही, शिल्लक तेवढीच दिसली, म्हणून तो निर्धास्त राहिला. संध्याकाळी शंका आल्यावर पैसे दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवायला गेला, तर हलवायला ईथर नाही. भावाकडून ईथर येईपर्यंत त्या सहीच्या जोरावर कोणीतरी सगळे यूएसडीसी उचलून नेले होते. पूर्वी पैसे कापले जाणार म्हणून माणूस दोन क्षण थांबून बघायचा. आता त्या दोन क्षणांची सक्ती गेली आहे.

मी त्याच्या मोबाइलवर तो सहीचा संदेश पाहिला. ‘स्पेंडर’, म्हणजे ज्याला पैसे उचलायची परवानगी मिळते त्याचा एक लांबलचक पत्ता, त्याखाली ‘व्हॅल्यू’ आणि ‘डेडलाइन’. व्हॅल्यूपुढे १, १, ५, ७, ९, २ असा सुरू होणारा, पडद्याच्या दोन-तीन ओळी व्यापणारा आकडा. त्याचा अर्थ अमर्याद परवानगी. ३०० यूएसडीसीपुरती परवानगी असती तर तिथे ३ वर आठ शून्ये दिसली असती, कारण यूएसडीसीला दशांशानंतर सहा स्थळे धरतात. डेडलाइनही तारखेच्या रूपात नव्हती, सेकंदांची संख्या होती. इंजिनरूममध्ये नोकरी करणारा, यंत्रांतले सगळे कळणारा मुलगा, पण हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. अस्सल सेवाही काही वेळा अमर्याद परवानगी मागतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून खरे-खोटे ठरवता येत नाही. स्पेंडरचा पत्ता त्या सेवेने जाहीर केलेल्या पत्त्याशी ताडून पाहावा लागतो. साखळीवर दिलेली जुनी परवानगी रद्द करता येते, पण रद्द करायलाही गॅस लागतोच.

करांबद्दल थोडक्यात. एका क्रिप्टोच्या बदल्यात दुसरी घेतली तरी आपल्याकडे ते हस्तांतरण धरले जाते. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, तोटाही दुसऱ्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही आहे. देशातली एक्स्चेंज तो कापतात; या सेवांमध्ये कापणारे कोणी नसते, म्हणून जबाबदारी संपते असे नाही. गॅस दरातच मिसळलेला असल्याने वेगळी पावतीही दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, काय दिले, काय मिळाले, त्या दिवशीचा रुपयातला भाव आणि व्यवहाराचा हॅश (साखळीवरचा त्याचा ओळख क्रमांक), एवढे त्याच दिवशी वहीत लिहा. मार्चअखेर कोणालाच काही आठवत नाही.

माझी विनंती एवढीच, की याच पुरवणीत सहीवर वेगळा लेख छापावा. सहीच्या संदेशाचे चित्र द्यावे आणि एकेक ओळ मराठीत उलगडून सांगावी. अशा सेवा वापरल्या तरी वॉलेटमध्ये थोडे ईथर ठेवा, हे ठळक अक्षरांत यावे. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा आणि तक्रारीत वॉलेटचा पत्ता व हॅश लिहावा, हेही यावे. बँकेचा व्यवहार क्रमांक इथे नसतो आणि तक्रार लिहिताना माणूस तिथेच गोंधळतो. गणपतीला बोटीवरची पुष्कळ मुले घरी येतात. त्याच्या आधी लेख आला, तर मी त्याच्या प्रती काढून माझ्या कार्यालयात ठेवीन.

आपली,
एक करसल्लागार, दापोली, जि. रत्नागिरी