विषय : दिवसाला २,००० मेल सांगून ५०० वर अडवलेलं आमचं ईमेल खातं

व्यवस्थापक,

पाचवा फोन आत्ताच आपटून ठेवला. आता लेखी घ्या.

जळगाव एमआयडीसीत आमची दाल मिल आहे. तूर, हरभरा, उडदाचे भाव रोज सकाळी साडेदहाला साडेपाचशे व्यापाऱ्यांना मेलने जातात. तेही एकाच खात्यावरून, कारण व्यापारी तोच पत्ता ओळखतात. सोमवारी ५०० वर मेल अडले. खाती विकताना दिवसाला २,००० सांगितले होते. दोन महिने पैसे भरतोय, तरी तुमच्या लेखी आम्ही अजून चाचणीच्या (ट्रायल) खात्यावरच. म्हणे मर्यादा वाढायला एकूण १०० डॉलर भरून व्हायला हवेत, वर ६० दिवस जायला हवेत. हे पैसे घेण्याआधी सांगायला जीभ जड झाली होती का?

त्या दिवशी तुमचा माणूस म्हणाला, "रात्री बारानंतर सुरू होईल सर." मी आणि मुनीम मिलमध्ये बारापर्यंत डास मारत बसलो. बारा वाजून गेले, मेल जाईना. परत फोन केला. दुसरा म्हणतो, "सर, २४ तास मेल पाठवल्यापासून मोजतात, कॅलेंडरचे नाही." मग बारा कोणी सांगितलं? "तो वेगळा एजंट होता सर." वर मलाच विचारतो, "तुम्ही लोकांना नको असलेले मेल पाठवता का?" अहो, भाव यायला दहा मिनिटं उशीर झाला तर हेच लोक फोन करतात! तर म्हणाला, "मग भाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत जा ना सर."

पैसे तुम्हाला भरायचे आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं! मुनीम म्हणाला, "भाऊ, हॉटेलात शेवभाजी मागितली, अन् वेटर म्हणे शेजारी चांगली भेटते."

मंगळवारचे भाव दुपारी गेले. तोवर अकोलावाल्यांचे सौदे होऊन गेले होते. "आज तूर काय?" असे मेल येत होते, ते आम्ही नुसते वाचत होतो. उत्तर पाठवायची सोय नव्हती. २,००० सांगून ५००, हे मी पुन्हा लिहितोय, कारण फोनवर पाच वेळा सांगून कोणाच्या कानात शिरलेलं नाही.

आमच्या शब्दावर दाणा बाजारातल्या तिघांनी तुमची खाती घेतली आहेत. शनिवारपर्यंत मर्यादा वाढवा, नाहीतर पैसे परत करा. नाहीतर चौघंही एकदम जाऊ.

उत्तर मेलनेच द्या. येणारे मेल तुम्ही बंद केलेले नाहीत, तेवढी मेहेरबानी अजून चालू आहे.