जूनमध्ये कोलिऊरला जायचंय, आता नाही म्हणू नका

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू गं, आधी आंबा उरकू दे" म्हणतात आणि आई लगेच जेवलीस का विचारते, त्यामुळे या वेळी सगळं लिहूनच पाठवतेय. दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, आणि दोघांनी एकत्र बसून वाचा.

तर ठरलंय असं की जूनमध्ये तुम्ही टुलूझला माझ्याकडे यायचं आणि इथून आपण तिघांनी ट्रेनने कोलिऊरला जायचं. फ्रान्सच्या अगदी खालच्या टोकाला, स्पेनच्या बॉर्डरच्या थोडं अलीकडे, भूमध्य समुद्रावरचं कोळ्यांचं जुनं गाव आहे. आई म्हणणारच की दारात समुद्र असताना विमानात बसून दुसरा समुद्र बघायला कोण जातं, पण तू दाभोळ-हर्णैच्या समुद्राशेजारी आयुष्य काढलंस तरी त्यात निवांत पाय सोडून कधी बसलीस सांग बरं. कायम कोणीतरी पाहुणे, कोणाचा तरी डबा, नाहीतर अंगणात वाळत घातलेलं काहीतरी. म्हणून मुद्दाम अशा ठिकाणी नेतेय जिथे तुला कोणी ओळखत नाही.

मी खूप गावं बघितली नेटवर आणि हेच पक्कं केलं त्याला मुख्य कारण बाबा. बाबा, तुम्ही इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीत, मुलांना मातीसची चित्रं पुस्तकातून दाखवलीत, ती छपाईसुद्धा किती फिकी असायची. तो मातीस १९०५ च्या मे महिन्यात याच गावात येऊन राहिला, जुलैमध्ये आंद्रे देरां त्याच्याकडे आला, आणि त्या एका उन्हाळ्यात दोघांनी झाडं लाल, समुद्र गुलाबी, होड्यांच्या डोलकाठ्या केशरी असं जे काही रंगवलं ते पॅरिसमध्ये त्याच शरद ऋतूत लागलं तेव्हा एका समीक्षकाने त्यांना चक्क जंगली श्वापदं म्हटलं. 'उघडी खिडकी, कोलिऊर' हे मातीसचं चित्र इथल्याच खिडकीतून काढलेलं. ते आता वॉशिंग्टनला आहे, मूळ चित्रं तुम्हाला गावात बघायला मिळणार नाहीत हे आधीच सांगते. पण गावाने काय केलंय, ज्या जागी उभं राहून त्यांनी चित्र काढलं बरोबर त्या जागी त्या चित्राची प्रत लावलीय, म्हणजे एकदा प्रत बघायची आणि मान वर करून समोरचा खरा देखावा बघायचा, तोच चर्चचा मनोरा, तेच डोंगर. तुम्ही तिथे उभे राहून 'इथे त्याने सावली निळी का केली' हे मला समजावून सांगावं एवढीच माझी इच्छा आहे, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. वॉटरकलरची पेटी आणि तो जुना स्केचपॅड बॅगेत टाका, कागद इथे चांगला मिळतो पण ब्रश तुमचेच आणा.

तो मनोरा म्हणजे मुळात बंदराचं दीपगृह होतं, मध्ययुगातलं. सतराव्या शतकाच्या शेवटी त्याला लागूनच चर्च बांधलं आणि दीपगृहाचा झाला घंटाघर, नंतर वर गुलाबी घुमट बसवला. एका बाजूने थेट पाण्यात उभा आहे. चर्च बाहेरून साधं दगडी, आत मात्र तीन मजली उंच सोनेरी लाकडी कोरीवकाम आहे, आईला ते फार आवडेल. शेजारी किल्ला आहे, तोही पाण्याला टेकलेला. आधी मायोर्का बेटाच्या राजांचा होता, मग स्पेनचा, आणि १६५९ च्या तहानंतर फ्रान्सचा, तेव्हा वोबां नावाच्या लष्करी इंजिनिअरने तो आणखी भक्कम केला.

आणि बाबा, एक गोष्ट तुम्हाला चमत्कारिक वाटेल, या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. जिब्राल्टरचं तोंड चिंचोळं आणि आतला समुद्र बंदिस्त, त्यामुळे पाणी दिवसभर जिथल्या तिथे. तिथीवरून पाण्याची वेळ काढायची तुमची सवय तिथे कामाला येणार नाही. वाळू कमी आणि गोटे जास्त, म्हणून आईसाठी पाण्यात घालायचे रबरी बूट मी इथून घेऊन ठेवते.

आता मासे. गाव ओळखलं जातं ते अँचोव्हीसाठी, बोटभर मासा, आपली मांदेली याच कुळातली. डोकं आणि पोट काढून मिठाचा एक थर माशांचा एक थर असं पिंपात भरतात, वर दगडाचं वजन ठेवतात आणि तीन महिने तरी मुरू देतात, मग धुऊन, काटा काढून, एकेक पट्टी हाताने लावतात. हे काम पूर्वीपासून बायकांचंच. आता बंदरात मासेमारीच्या होड्या फारशा उरल्या नाहीत, मासा बराचसा बाहेरून येतो आणि खारवणारी जुनी घराणी दोनच राहिलीत, पण त्यांच्याकडे जाऊन काम बघता येतं. आई, तू त्या बायकांच्या हाताकडे बघत बसशील हे मला आत्ताच दिसतंय. भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीबरोबर खातात तो, खारट असतो पण पावाबरोबर मस्त लागतो. तुझ्या सोमवार-गुरुवारची काळजी करू नकोस, छोटं किचन असलेली खोली बघतेय, बुधवारी आणि रविवारी सकाळी गावात बाजार भरतो तिथून भाजी आणू, वरण-भात खोलीवरच. हॉटेलात दुपारी बारा ते दोनच जेवण मिळतं, नंतर किचन बंद, त्यामुळे बाबांची वेळ आपोआप पाळली जाईल.

जूनच का, तर आंबा संपलेला असतो, गणपती लांब असतात, आणि ऑगस्टमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. जूनमध्ये सूर्य मावळतो साडेनऊच्या सुमारास, म्हणजे जेवण करून उजेडातच बंदरावर फेरी मारता येते. पावसाआधीची घरची कामं, कौलं वगैरे, दादा बघतो म्हणालाय.

गुडघ्यांचं विचाराल तर बंदराभोवतीचा रस्ता सपाट आहे, स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. वरच्या सेंट एल्म किल्ल्याकडे छोटी टुरिस्ट गाडी जाते, चढायला लागणार नाही. विमानात व्हीलचेअर मी बुकिंग करतानाच सांगणार आहे, आई प्लीज नको म्हणू नकोस, ती फुकट असते आणि लांबच लांब चालणं वाचतं. एक वारा तेवढा त्रासदायक, त्रामोंतान म्हणतात, कोरडा आणि जोराचा, म्हणून आईची शाल आणि बाबांचा स्वेटर हवाच.

गावातल्या स्मशानभूमीत अँतोनियो माचादो या स्पॅनिश कवीची कबर आहे. १९३९ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या सैन्यापासून जीव वाचवून म्हाताऱ्या आईला घेऊन बॉर्डर ओलांडून आला, फेब्रुवारीत इथेच वारला आणि तीन दिवसांनी आईही गेली. तिथे एक पत्रपेटी आहे, लोक अजून त्याला पत्रं टाकतात. बाबा तुम्ही कविता वाचणारे, आपण जाऊन येऊ.

खर्चाचं पुन्हा काढू नका. मी शिकायला बाहेर पडले तेव्हा तुम्ही दोघांनी मला एकदाही किती लागतील असं विचारलं नाहीत.

व्हिसासाठी इथल्या नगरपालिकेतून तुम्हाला घरी ठेवून घेत असल्याचा कागद मी काढतेय. बोटांचे ठसे द्यायला तुम्हाला दोघांना स्वतः जावं लागेल, अपॉइंटमेंट मार्चमधलीच घेते कारण सुट्टी जवळ आली की मिळत नाही. इन्शुरन्स मी काढते, तीस हजार युरोचं कव्हर लागतंच. डॉक्टरांकडून बीपी आणि शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी घ्या, औषधाच्या मूळ नावासकट, पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. बाबा, तुमच्या पासपोर्टची तारीख बघून उद्याच कळवा, आणि दोघांच्या पहिल्या व शेवटच्या पानाचा फोटो दादाच्या मोबाईलवरून पाठवा, फ्लॅश बंद करून.

तुमची,
ताई